डोंगर पळतो

"ही पोरगी बोलते का गो, का नुसती बगते?"

पडद्याआडून आलेला हा प्रश्न माझ्याबद्दल होता हे कळायला मला जरा वेळ लागला. शहापूरच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी उभी होते. समोर काचेचं कपाट होतं. त्यात लग्नाच्या अल्बमची चंदेरी कव्हरं, फ्रेमा आणि त्यांच्यामध्ये एक जुनी, काळी, लांबलचक लेन्स. मी लेन्सकडे बघत होते. आत एका नवरीला पावडर लावून, तिचे फोटो काढून, ती पावडर पुसूनही झाली होती. मी अजून तिथेच.

"बोलत असंल," नवरीची आई म्हणाली. "इंग्लिश मीडियमची दिसते. ती लोकं आधी मनात बोलतात."

दोघी हसल्या. मी चपला सरळ करून निघणार, एवढ्यात पडदा सरकला आणि एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला. गळ्यात दोन दोऱ्या, एक चष्म्याची आणि एक कॅमेऱ्याची.

"काय काढायचंय? पासपोर्ट का पोस्टकार्ड?"

मी बोटाने लेन्स दाखवली.

"ती इकायची नाय."

"फक्त बघायची आहे," मी म्हणाले.

"मग बग की. बगायला कोन नको म्हनतंय? पन आधी जा, सोताला भेटून ये."

मला वाटलं, हाकलत आहेत. तसं नव्हतं. दाराशेजारी एक उभा आरसा होता. त्याच्या खिळ्याला दोरीने कंगवा बांधलेला, खाली पावडरचा डबा. फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी आरशापुढे पाठवत. "आधी सोताला भेटून ये" हे त्यांचं स्वागताचं वाक्य होतं. शाळेच्या दाखल्यासाठी आलेला पोरगा असो की ग्रामपंचायतीचा सरपंच, सुटका नाही. आरशापुढे माणूस केस सारखे करतो, कॉलर ओढतो, मग एक क्षण नुसता उभा राहतो. त्या एका क्षणानंतरचा चेहरा त्यांना हवा असे. मी आरशाकडे गेले नाही. फोटो काढायचा नव्हता, एवढं निमित्त मला पुरेसं होतं.

त्यांना सगळं शहापूर फोटोकाकी म्हणायचं. स्टुडिओ नवऱ्याने सुरू केलेला. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता दुकान बंद होणार. काकींनी बाराव्या-तेराव्यानंतर शटर उघडलं आणि एका लग्नाची ऑर्डर घेतली, ती घेतलीच. मी तिथे जायला लागले तेव्हा त्यांच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली होती. कॅमेरा आपोआप फोकस करायचा म्हणून काम चालत होतं, पण दूरचं सगळं "ताकातल्यासारखं" दिसतं म्हणायच्या. नाशिकची मुलगी मागे लागली होती. दिवाळी झाली की दुकान आवरून तिच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं.

माझं शिक्षण कल्याणला झालं. आईवडिलांनी नंतर शहापूरला घर घेतलं आणि मी तिथूनच कॉम्प्युटरवर काम करू लागले. पहिला मोठा खर्च म्हणून मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच्यासोबत आलेली लेन्स मला पुरत नव्हती, किंवा पुरत नाही असं मला व्हिडिओ बघून वाटू लागलं होतं. माहुलीचे सुळके, माळशेजचे कडे, हे काढायला लेन्स कोणती? जगभरातली माणसं मला सांगत होती: वाइड, एका चौकटीत खूप काही मावणारी. जितकी रुंद, तितकं चांगलं. कुणी अतिरुंद म्हणे, कुणी रुंद झूम. मी महिनोन्‌महिने ऐकत होते आणि घेत काहीच नव्हते. दुकानात जाऊन विचारायचं म्हणजे बोलावं लागणार होतं. माझ्या तोंडात शब्द आधी इंग्रजीत येतो, मग मी त्याचं मराठी शोधते, आणि तोवर समोरच्याचं पुढचं वाक्य झालेलं असतं.

काकींच्या दुकानात मात्र न बोलता बसता यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी माझा कॅमेरा त्यांना दाखवला. त्यांनी लेन्स काढली, आत डोकावल्या, कॅमेरा उलटा करून पाहिला.

"आरसा कुठाय? माझ्या कॅमेऱ्यात काचेमागं आरसा हाय."

"यात आरसा नसतो, काकी. म्हणून तर मिररलेस."

"आरसा नाय?" त्यांनी दाराशेजारच्या आरशाकडे असं पाहिलं, जणू त्याने हे ऐकायला नको होतं. "मग ह्याला दिसतं कसं?" मी सांगितलं, थेट पडद्यावर दिसतं. त्यांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून माझ्या कॅमेऱ्याचं नाव बिनआरशी पडलं. "आली गो बिनआरशी," असं म्हणायच्या. मी आले असं म्हणायचं असे की कॅमेरा आला असं, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

लेन्सची परीक्षा त्या वजनावर करत. तळहातावर घेऊन वरखाली करायच्या. माझी लेन्स त्यांनी क्षणात परत दिली: "पापड हाय." त्यांच्या मते जड ती खरी काच. हे चूक आहे, हलक्या लेन्सही उत्तम असतात, असं मी एकदा धीर करून म्हटलं. "असतील," त्या म्हणाल्या. "पन हातात काय हाय ते हाताला कळाया नको?"

स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर एक पडदा होता. निळा तलाव, दोन हंस, मागे बर्फाचे डोंगर. सगळे त्याला स्वित्झर्लंड म्हणत. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्या पडद्यापुढे काढलेल्या फोटोंवर जमली होती. एका स्थळाकडून तर विचारणा झाली होती, मुलगी तिकडे कधी गेली होती, आणि कुणासोबत. काकी ही गोष्ट रंगवून सांगायच्या, आणि शेवटी मात्र हसायच्या नाहीत.

"पोरी सासरी जातात ती अल्बमात ह्ये बरफ घेऊन. तिथं काय सांगनार, ह्ये माझं म्हायेर?" मग म्हणाल्या, "मी तर ह्येच्यापुढं बसूनच लगीन केलंय. माझ्याकडं माझ्या डोंगराचा एक फोटू नाय. जल्मभर लोकांचे काढले."

त्यांचं माहेर वैशाखरे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना उजव्या हाताला कड्यावर एक सुळका दिसतो, अंगठा वर करून दाखवावा तसा. नानाचा अंगठा. त्यांच्या भावाच्या खळ्यातून तो समोर उभा असतो. नाशिकला मुलीचं घर सहाव्या मजल्यावर आणि त्यांना मिळणाऱ्या खोलीच्या खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. काकींना जाण्यापूर्वी तो डोंगर पाहिजे होता. फ्रेममध्ये नाही, भिंतभर, पडद्यासारखा छापलेला. सकाळी उठून चहा घेताना समोर.

"बिनआरशीवर काढशील?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "पन तुला देखावा काढायचाय का डोंगर?"

मला फरक कळला नाही. लँडस्केपला मराठीत देखावाच म्हणतात असं मी समजत होते. पुढे गणपतीत गल्लीतला देखावा पाहताना, तो थर्माकोलचा कैलास आणि फिरते दिवे बघताना, हा प्रश्न पुन्हा आठवला.

पावसाळाभर अंगठा ढगात होता. नवरात्र उलटल्यावर आभाळ धुतल्यासारखं झालं, तेव्हा मी ठाण्याच्या एका दुकानातून अतिरुंद लेन्स दोन दिवस भाड्याने आणली. विकत घेण्याआधी तिची परीक्षाही होईल, असा हिशोब. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून माळशेजकडची एसटी. काकी खिडकीशी बसून प्रत्येक गावात आपण काढलेली लग्नं दाखवत होत्या. "ह्या घरात जुळे जावई हायत. अल्बममदी मी सोता गोंधळले."

वैशाखऱ्याला त्यांचे भाऊ दत्तूमामा भात झोडत होते. खळ्यात उभं राहून मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खरोखर हरखले. एका चौकटीत सगळं मावलं: पेंढ्याची उडवी, कापलेलं शेत, आंब्याचं झाड, कड्याची अख्खी रांग आणि वर निळं आभाळ. ऊन कड्यावर यायला दुपार उलटावी लागते, तोवर थांबले. भरपूर फोटो काढले. काकींना कॅमेऱ्यावरचं नीट दिसेना, म्हणून शहापूरला परत आल्यावर मी त्यातला सर्वांत चांगला मोठा छापून घेतला.

दत्तूमामा पुढच्या आठवड्यात काही कामाला शहापूरला आले, तेव्हा काकींनी तो कागद त्यांच्यापुढे पसरला.

"ह्ये कुठलं?" मामांनी विचारलं.

"आरं, आपलं खळं!"

"नाय." मामांनी कागद फिरवून पाहिला. "उडवी आपली हाय. पन डोंगर आपला नाय. आपला अंगठा केवडा हाय! ह्ये तर नख हाय."

काकींनी कागद नाकाशी नेला, मग हातभर लांब धरला. "अंगठा आनाया पाठवली नि नख घेऊन आली," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांना त्यातली गोम कळली होती आणि त्या उत्सुक झाल्या होत्या. "वाइड लावलंस ना? वाइडमदी डोंगर पळतो गो. पायाखालचा धोंडा मोठा व्हतो नि डोंगर पळून जातो. आनि येवढं आभाळ कशाला काढलंस? आभाळ नाशकातपन हाय."

मी घरी जाऊन फोटो पुन्हा पाहिला. चौकटीचा अर्ध्याहून अधिक भाग आभाळ, खाली धारदार धसकटं, आणि मधे एक बारीक दातेरी रेघ. तिच्यावर नख. लेन्स वाईट नव्हती. एखाद्या ओढ्यात, गर्द झाडीत, माहुलीच्या पायथ्याशी तिने कमाल केली असती. पण खळ्यात उभं राहिल्यावर माणूस आभाळ बघत नाही. तो सरळ अंगठ्याकडे बघतो, आणि बाकीचं सगळं त्याच्या नजरेतून गळून पडतं. व्हिडिओमधल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं की तू तिथे उभी राहून नेमकं काय बघतेस.

काकींचं म्हणणं, मोठं करायचं तर मागं जावं लागतं. लग्नात सगळे फोटोवाले स्टेजला चिकटतात. त्या पंगतीजवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि लांबच्या लेन्सने ओढायच्या. "मी वाढप्यांच्या मधी हुबी ऱ्हाऊन मंगलाष्टकं काढलीत. नवरानवरी तेवढीच ऱ्हातात, पन मागचा मांडव कसा आंगावर येतो बग." ती लांबची लेन्स म्हणजे कपाटातली काळी. तिला त्या दुर्बीण म्हणत. फिल्मच्या काळातली, हाताने फिरवायची. डोळे अधू झाल्यावर काकींनी ती वापरणं सोडलं होतं.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी सांगण्यासारखं होतं. म्हटलं, ही दुर्बीण माझ्या कॅमेऱ्याला लागेल.

"जुनी काच नव्या डब्याला? कशी काय?"

"त्यात आरसा नाही ना, म्हणून. आरशाची जागा रिकामी आहे. मधे एक कडी बसवायची, की जुनी लेन्स बसते."

 माझं एवढं लांब वाक्य काकींनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. कडी मी मागवली. ती आली तेव्हा त्यांनी बोटात फिरवून पाहिली आणि जाहीर केलं, "बिनआरशीला बांगडी भरायची."

दुर्बीण कपाटात नव्हती. पावसाळ्यात ती घरी तांदळाच्या डब्यात असे, आणि अजून बाहेर काढलेली नव्हती. दमट हवेत काचेला बुरशी धरते, आणि तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणून. दरवर्षी झिनी तांदळात पुरलेली. काकींनी ती डब्यातून उपसून काढली आणि फोकसचं कडं फिरवलं, तर जात्यासारखी घरघर. सगळ्या फटींत तांदळाची पिठी बसली होती. ओल गेली होती, पीठ आलं होतं. "काकी, तांदळात ठेवू नये," मी म्हणाले. "मग आधी सांगायचं ना! मनातच बोलत ऱ्हातेस." त्या दुपारी आम्ही दोघी जुन्या दाढीच्या ब्रशने आणि टूथपिकने लेन्सची पाखडणी करत बसलो. घरघर पूर्ण गेली नाही. काचा मात्र स्वच्छ निघाल्या.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वैशाखरे. या वेळी काकी खळ्यात थांबल्याच नाहीत. पदर खोचून बांधाबांधाने निघाल्या, मी मागोमाग. मधेच वळून बघायच्या, डोळे बारीक करायच्या, पुन्हा चालायच्या. खळं लहान होत गेलं, आंबा लहान झाला, आणि अंगठा तेवढाच राहिला. मग उलटंच वाटू लागलं, की तो आंब्यामागून वर येतो आहे. शेतांच्या पार टोकाला, जिथे गावचे लोक आमच्याकडे संशयाने बघू लागले, तिथे काकी थांबल्या.

"हितं लाव."

मी तिपाईवर कॅमेरा ठेवला. चौकटीत आभाळाची एक पट्टी उरली. बाकी कडा. आंबा, खळं, मामांचं घर पायाशी गोळा झालेलं आणि वर अंगठा, भला थोरला, उन्हात तांबूस.

कडं मी फिरवणार होते. मग हात मागे घेतला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक बटण दाबून सुळक्याचं टोक मोठं केलं आणि म्हटलं, "काकी, तुम्ही करा."

"मला दिसतंय थोडंच?"

"यात मोठं दिसतं. बघा तरी."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा छोट्या खिडकीला लावला. कडं घरघरत फिरलं, पुढे, मागे, पुन्हा थोडं पुढे. मग त्यांचा हात थांबला.

"अगो," त्या म्हणाल्या. "वर मान्सं हायत."

"हो, फिरायला येतात लोक."

"दिसतायत गो! मुंग्या. एक मुंगी हात हालवते!" आणि डोळा न काढता, तिकडून कुणाला काही दिसणार नव्हतं तरी, काकींनी आपला डावा हात वर करून जोरजोरात हलवला. बटणही त्यांनीच दाबलं. बांधावरून उतरताना त्या कॅमेऱ्याला थोपटत म्हणाल्या, "आरसा नाय त्ये बरंच हाय म्हनायचं."

पडदा छापून आला तो स्वित्झर्लंडवरच टांगला. हंस झाकले गेले. दत्तूमामा बघायला आले, दाराबाहेर चपला काढल्या आणि समोर उभे राहिले.  मामा पुढे झाले, वाकले, खळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही माझी बालदी. हितं ऱ्हायली व्हय! मी गावभर इचारतोय."

काकींनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

दुकान बंद होईपर्यंतचे दिवस फार गर्दीचे गेले. आपल्या डोंगरापुढे फोटो काढायला धसईपासून माणसं आली. सासरी गेलेल्या मुली पोरं घेऊन आल्या. प्रत्येकजण आधी आरशापुढे, मग डोंगरापुढे. अंगठ्यावरच्या मुंग्या काकी सगळ्यांना दाखवत. शेवटच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आता तू. जा, सोताला भेटून ये."

या वेळी निमित्त नव्हतं. मी आरशापुढे गेले. कंगवा घेतला, ठेवला. एक चेहरा होता, नेहमीचाच, मला वाटत होता त्यापेक्षा कमी घाबरलेला. मी डोंगरापुढे उभी राहिले आणि काकी कॅमेरा घेऊन मागे गेल्या. दुकानाच्या पायरीवर, पायरीवरून रस्त्यावर, रिक्षांमधून रस्त्यापलीकडे. सपाट पडद्यापुढे इतकं मागे जायची काही गरज नव्हती. त्यांना सवय होती. भर बाजारपेठेतून त्या ओरडल्या, "हनवटी वर! वर गो! लाजतेस काय, डोंगर हाय मागं!" अख्खा बाजार वळून बघत होता. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी हसते आहे, आणि कोपऱ्यात एका रिक्षाचा आरसा आला आहे.

निघताना त्यांनी पडदा गुंडाळून स्वतःच्या काखेत घेतला. मला मनातून वाटत होतं की दुर्बीण त्या मला देतील. त्यांनी ते ओळखलं. "दुर्बीन नाय देनार," त्या म्हणाल्या. "मला सहाव्या मजल्यावरनं बगायला लागंल. तुझी तू घे. जाऊन बोलून घे."

आता फोनवर सांगतात की पडदा भिंतीपेक्षा मोठा निघाला, खालची शेतं दुमडावी लागली, पण अंगठा पुरा आहे. नाशिकच्या बायका चहाला आल्या की त्या मुंग्या दाखवतात.

गेल्या आठवड्यात मी ठाण्याच्या त्या दुकानात गेले. आधी काचेच्या कपाटापुढे नुसती उभी राहिले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कशासाठी हवीय मॅडम?" मी "लँडस्केप" एवढंच म्हणाले, आणि त्याने लगेच ती अतिरुंद लेन्स काढून माझ्या हातात ठेवली. "मग हीच. लँडस्केपला सगळे वाइडच घेतात." मी ती तळहातावर वरखाली केली. शेजारी एक जोडपं उभं होतं. मनात वाक्य इंग्रजीत जुळत होतं, नीट, व्याकरणासकट. मी ते पूर्ण होऊ दिलं नाही.

"वाइड नको," मी म्हणाले. "वाइडमध्ये डोंगर पळतो."

"पळतो?"

जोडपंही वळून बघू लागलं.

"हो, पळतो. तुम्ही जरा काउंटरबाहेर या आणि मागे चला, मी दाखवते."